मेंदूचे चित्र आणि आईची पाटी

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त सुरत येथे भरलेल्या कौटुंबिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



 मी डॉक्टर नव्हे. चाळीस वर्षे शाळेत विज्ञान शिकविले, एवढीच काय ती माझी पुंजी. तेव्हा आजचा विषय ऐकून "मास्तर आता मेंदूवर बोलणार!" असे कोणाच्या मनात आले असेल तर त्यांचा दोष नाही. पण हा विषय माझ्या घरात एकदा न बोलावता आला होता, आणि त्या वेळी माझ्या अज्ञानाने माझ्या आईला फार क्लेश झाले. तसे दुसऱ्या कोणाच्या घरी होऊ नये, एवढ्यासाठीच मी उभा राहिलो आहे.

आपल्यापैकी पुष्कळांची घरे ताप्ती व्हॅलीच्या गाडीने खानदेशातून सुरतेस आली. आमचेही तसेच. वडील गिरणीत लागले आणि आईने संसार मांडला. आईला अक्षरओळख नव्हती. रेशनच्या कार्डावर ती अंगठा उठवी, आणि मामाचे पत्र आले की ते वाचून घेण्यासाठी मी शाळेतून येईपर्यंत दारात बसून राही. १९७२ साली, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, तिने माझ्या धाकट्या बहिणीची पाटी हाती घेतली. शेजारच्या बायका हसल्या. "साठी बुद्धी नाठी म्हणतात, आणि तुम्ही पन्नाशीला श्री गिरवता!" असे एकीने तोंडावर म्हटले. आई काही बोलली नाही. दीड वर्षाने तिने पोथीचा पहिला अध्याय एकटीने वाचला, आणि पुढे तीस वर्षे तिचा तो नेम चुकला नाही.

२००३ सालच्या एका सकाळी ती पोथी उघडून बसली आणि तशीच बसून राहिली. मी विचारले, "आई, चष्मा लावला नाहीस का?" ती म्हणाली, "चष्मा आहे रे बाबा. अक्षरे दिसतात, पण बोलत नाहीत."

तिचे बोलणे स्वच्छ होते. हातपाय हलत होते. तोंड वाकडे नव्हते. आम्हांला वाटले, वयाचा परिणाम. दुपारी ती उजव्या बाजूने दाराच्या चौकटीवर आपटली, तेव्हा मी तिलाच रागावलो, की बघून चालत जा. दुसऱ्या दिवशी बँकेच्या कागदावर तिने आपले नाव सुरेख लिहिले. मी म्हटले, "वाच पाहू काय लिहिलेस." तिने कागदाकडे पाहिले, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आले. स्वतःच्या हाताने लिहिलेले स्वतःचे नाव तिला वाचता येत नव्हते. लिहिता येते आणि वाचता येत नाही, असे कधी कोणी ऐकले आहे काय? घरात कोणी म्हणाले, हे ढोंग आहे. कोणी म्हणाले, बाहेरचे काही लागले आहे. ढोंग म्हणणाऱ्यांत मीही होतो, हे आज सर्वांसमक्ष सांगितले पाहिजे.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी एम. आर. आय. काढावयास सांगितले. त्या चित्रात डोक्याच्या मागील भागी, डाव्या बाजूस, एक पांढरा डाग स्पष्ट दिसत होता. मेंदूच्या त्या भागाला रक्त पुरविणारी वाहिनी बंद पडली होती. म्हणजे हा पक्षाघाताचाच झटका. पण हात-पाय-जीभ सोडून त्याने नेमके वाचनच नेले होते.

आता हे कसे घडते ते सांगतो. उजव्या बाजूचे जे दिसते ते मेंदूच्या डाव्या मागील भागात उमटते, आणि डाव्या बाजूचे उजव्या भागात. अक्षर म्हणून ओळखण्याचे ठाणे मात्र बहुतेक माणसांत डाव्या अर्ध्यात, कानाच्या मागे खालच्या अंगाला असते. आईचा डावा मागचा भाग गेला, म्हणून उजवीकडचे दिसेनासे झाले आणि ती चौकटीवर आपटली. उजव्या मेंदूला अक्षराची आकृती दिसत होती, पण ती डावीकडच्या ठाण्यापर्यंत नेणारा दोन अर्धांमधला पूलही मागच्या टोकाला बाधित झाला होता. हाताने लिहिण्याची वाट निराळी. ती शाबूत होती. म्हणून लिहिता येई, वाचता येत नसे. ढोंग नव्हते, आणि बाहेरचेही काही नव्हते.

हा प्रकार जगाला नवीन नव्हता. १८८७ साली पॅरिसमधील एका सुशिक्षित गृहस्थाला अगदी असेच झाले. देजरीन नावाच्या डॉक्टरांनी त्याला वेळोवेळी तपासले, पण मेंदूत कोठे बिघाड आहे ते कळण्यास एकच उपाय होता. तो गृहस्थ १८९२ साली वारला, शवविच्छेदन झाले, तेव्हा देजरीनना ती जागा सापडली. विचार करा. ज्याचा मेंदू, त्याला उत्तर कधीच मिळाले नाही. माझ्या आईला ते तिसऱ्या दिवशी मिळाले. हाडाची कवटी न फोडता, रक्ताचा थेंब न सांडता, जिवंत माणसाच्या मेंदूत डोकावता येणे, हा त्या शंभर वर्षांतला फरक आहे.

हे यंत्र करते तरी काय? पुष्कळांना वाटते की हा मोठा एक्स-रे. तसे नव्हे. एम. आर. आय. मध्ये क्ष-किरण मुळीच नसतात. आपला मेंदू सुमारे १३०० ते १४०० ग्रॅम वजनाचा, आणि त्याचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग पाणी. पाण्याच्या प्रत्येक कणात हायड्रोजनचे दोन अणू, आणि प्रत्येक हायड्रोजनचा गाभा हा एक इवलासा लोहचुंबक समजा. एरवी ते वाटेल त्या दिशांना तोंडे करून असतात. प्रचंड चुंबकात माणसाला ठेविले की त्यांतले दहा लाखांत चारपाचच जास्तीचे चुंबकाच्या दिशेने वळतात. पण पाण्यात अणूच इतके की तेवढे पुरतात. नेहमीच्या रुग्णालयातील यंत्राची शक्ती दीड टेस्ला असते, म्हणजे होकायंत्राची सुई फिरविणाऱ्या पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट. एवढी शक्ती मिळावी म्हणून चुंबकाच्या तारा द्रवरूप हेलियमने शून्याखाली २६९ अंशांपर्यंत थंड ठेवाव्या लागतात.

मग रेडिओच्या लहरी सोडतात. दीड टेस्लाच्या यंत्रात त्यांची कंपने सेकंदाला सुमारे ६ कोटी ४० लक्ष असतात. तेवढ्याच कंपनाला हे अणुचुंबक डोलू लागतात. झोक्याला नेमक्या वेळी धक्का दिला की तो उंच जातो, तसेच हे. यालाच अनुनाद म्हणतात. लहर थांबविली की ते पुन्हा जागेवर येतात, आणि येताना स्वतःच बारीक रेडिओ-संदेश देतात. मेंदूचा करडा भाग, पांढरा भाग, त्यांच्या भोवतीचे पाणी, सुजलेला भाग, यांतील अणू निरनिराळ्या वेगाने जागेवर येतात. त्या फरकातून चित्र बनते.

पण संदेश कोठून आला ते कसे ओळखायचे? त्यासाठी चुंबकाची शक्ती एका टोकाला किंचित कमी आणि दुसऱ्या टोकाला किंचित जास्त ठेवितात. मग प्रत्येक जागेचा सूर निराळा होतो, आणि सुरावरून जागा समजते. ही शक्ती क्षणोक्षणी बदलताना आतील वेटोळी थरथरतात आणि मोठा खटखटाट होतो. आपल्या लिंबायत-उधन्याच्या मंडळींना त्याचे भय वाटण्याचे कारण नाही. यंत्रमागाच्या खात्यात ज्याने आयुष्य काढले, त्याला तो आवाज ओळखीचाच वाटेल!

या विद्येचा पाया अमेरिकेत फेलिक्स ब्लॉख आणि एडवर्ड पर्सेल यांनी घातला. त्यांना १९५२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडील लोकांनी अभिमानाने लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट येथे आहे. १९५१ साली ब्लॉख यांच्याच स्टॅनफर्ड विद्यापीठात अल्कोहोलवर एक प्रयोग झाला. एकाच द्रव्यातील हायड्रोजन निरनिराळ्या शेजाऱ्यांजवळ निरनिराळा संदेश देतो, हे त्यातून स्पष्ट दिसले. तो प्रयोग करणाऱ्या तिघांत एक होते प्रा. एस. एस. धर्मट्टी. हेच धर्मट्टी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि त्यांनी तेथे या विद्येची प्रयोगशाळा उभी केली. पुढे १९७३ साली पॉल लॉटरबर यांनी या संदेशांपासून चित्र काढण्याची युक्ती सांगितली, आणि इंग्लंडमधील पीटर मॅन्सफील्ड यांनी ती जलद केली. त्या दोघांना नोबेल मिळाले ते २००३ साली. ज्या वर्षी माझ्या आईचे चित्र निघाले, तेच वर्ष.

येथवर मेंदूच्या रचनेचे सांगितले. आता त्याच्या कामाविषयी.

घराचा नकाशा पाहून घरात कोण काय करीत आहे ते कळत नाही. रचनेचे चित्र हे नकाशासारखे आहे. मेंदू काम करताना पाहण्याची युक्ती १९९० साली सेइजी ओगावा या जपानी शास्त्रज्ञाने अमेरिकेत काम करीत असताना दाखविली, आणि १९९२ पासून ती माणसांवर वापरात आली. मेंदू शरीराच्या वजनाचा पन्नासावा भाग. पण बसल्या जागी खर्च होणाऱ्या शक्तीचा पाचवा हिस्सा तो एकटा खातो. ज्या भागाचे काम वाढते तिकडे रक्त अधिक धावते. प्राणवायू दिलेले रक्त आणि प्राणवायू बरोबर असलेले रक्त यांचे चुंबकीय गुण निराळे असतात. हे लायनस पॉलिंग यांनी १९३६ सालीच शोधिले होते. यंत्र तो फरक टिपते. त्याला फंक्शनल एम. आर. आय. म्हणतात.

येथे एक सावधगिरी आत्ताच सांगून ठेवितो. हे यंत्र विचार पाहत नाही. आपल्या रिंग रोडच्या कापडबाजारात सकाळी कोणत्या मार्केटकडे टेम्पो अधिक वळतात ते गच्चीवरून पाहिले, तर कोठे धंदा जोरात आहे याचा अंदाज येईल. पण आत कोणता सौदा झाला, कोण नफ्यात आले, ते टेम्पोवरून सांगता येणार नाही. शिवाय टेम्पो सौदा ठरल्यावर निघतो. रक्ताचा ओघही कामाच्या चारपाच सेकंद मागाहून चढतो, आणि त्याने पडणारा फरक शेकडा एकदोन एवढाच असतो. इतक्या बारीक फरकावरून अनुमान काढावयाचे म्हणजे हिशेब फार चोख हवा.

तो चोख ठेवून काय काय कळले? आपल्या जिव्हाळ्याच्या तीन गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट आपल्या लिपीची. वाचनावरचे बहुतेक प्रयोग युरोप-अमेरिकेत, रोमन लिपीवर झाले. आपली देवनागरी तशी सरळ रांगेत चालत नाही. 'कि' लिहिताना वेलांटी आधी येते आणि उच्चार मागून होतो. उकार खाली, मात्रा वर, जोडाक्षरे एकमेकांच्या कुशीत. हरियाणातील मानेसर येथे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे. तेथील डॉ. नंदिनी चॅटर्जी सिंग आणि त्यांचे सहकारी यांनी देवनागरी वाचणाऱ्यांचे मेंदू पाहिले आणि २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. डाव्या अर्ध्यातील नेहमीची वाचनाची ठिकाणे तर कामाला लागतातच, पण त्याबरोबर उजव्या अर्ध्यातील काही भागही लागतात. अक्षरांची चौफेर मांडणी उलगडण्यास तो जादा हात लागत असावा. ते वाचक हिंदीचे होते. पण लिपी आपलीच.

दुसरी गोष्ट ऐकून मला आईची फार आठवण झाली. लखनौजवळच्या खेड्यांतील निरक्षर प्रौढांना, सरासरीने तिशीतल्या, सहा महिने देवनागरी वाचन-लेखन शिकविण्यात आले. शिकण्यापूर्वी आणि शिकल्यानंतर त्यांच्या मेंदूंची चित्रे काढली. भारतीय, जर्मन आणि डच संशोधकांनी मिळून केलेले हे काम २०१७ साली प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांत काय बदलले? केवळ वरच्या सालीत नव्हे, तर मेंदूच्या खोल गाभ्यात, जेथून नजर कोठे वळवावयाची याची व्यवस्था होते, त्या फार जुन्या भागांचा आणि दृष्टीच्या भागांचा मेळ अधिक पक्का झाला. म्हणजे अक्षर शिकताना मेंदू मुळापासून जुळणी करतो, आणि हे बालपणीच होते असे नव्हे. त्याच भागातील मोठ्या गटावरचे दुसरे काम २०१९ साली आले. अक्षरे शिकल्याने चेहरे किंवा वस्तू ओळखण्याची जागा हिरावली जाते काय, अशी शंका होती. तसे काही होत नाही, असे त्यातून दिसले. म्हणजे नवे बिऱ्हाड आले, पण जुन्या भाडेकरूला घराबाहेर पडावे लागले नाही.

तिसरी गोष्ट पाठांतराची. शुक्ल यजुर्वेद मुखोद्गत असलेल्या २१ वैदिक पंडितांची, वय आणि इतर बाबतींत त्यांच्याशी जुळणाऱ्या २१ सामान्य माणसांशी तुलना करण्यात आली. जेम्स हार्टझेल यांनी मानेसरच्या मंडळींसह केलेला हा अभ्यास. पंडितांच्या मेंदूत भाषेशी आणि स्मरणाशी संबंध असलेले काही भाग अधिक जाड किंवा अधिक भरीव आढळले. आपले काही व्याख्याते यावरून लगेच सांगू लागले की मंत्राने मेंदू वाढतो, हे विज्ञानाने सिद्ध झाले. तसे सिद्ध झालेले नाही. हे चित्र एकदाच काढलेले होते. पाठांतराने ते भाग वाढले, की ज्यांचे ते भाग मुळात चांगले तेच पाठशाळेत टिकले, हे एकाच चित्रावरून ठरविता येत नाही. लखनौच्या कामात आधीचे आणि नंतरचे अशी दोन चित्रे होती, म्हणून त्याचे वजन निराळे. प्रशंसा ऐकतानादेखील हा भेद सोडू नये.

मापाच्या बाबतीतही एक सुधारणा झाली आहे. मेंदूचे भाग मोजताना जो आदर्श नकाशा जगभर वापरला जातो, तो मुख्यतः पाश्चात्य लोकांच्या चित्रांवरून कॅनडात तयार झाला. दुसऱ्याच्या मापाने शिवलेला अंगरखा आपल्याला घालून "तुम्ही बारीक झालात" म्हणावे, तसा घोटाळा त्यातून होऊ शके. हैदराबादच्या आय. आय. आय. टी. मधील संशोधकांनी १०० भारतीय तरुण-तरुणींच्या चित्रांवरून २०१९ साली भारतीय नकाशा प्रसिद्ध केला. भारतीय मेंदू सरासरीने उंची, रुंदी आणि आकारमान यांत थोडा लहान भरला. याचा बुद्धीशी संबंध कोणी जोडू नये. म्हातारपणी विसर पडू लागल्यावर मेंदू आकसला की नाही, हे आपल्याच मापाशी ताडून पाहावे, एवढाच त्याचा अर्थ.

आता दुसरी बाजू. कोणतेही नवे शास्त्र आले की त्याच्या नावाने चालणारा खोटा माल मागोमाग बाजारात येतोच. सुरतेच्या व्यापारी मंडळींना हे मी काय सांगावे!

२००९ साली अमेरिकेतील काही संशोधकांनी यंत्रात एक मेलेला मासा ठेविला आणि त्याला माणसांची चित्रे 'दाखविली'. हिशेबातील एक आवश्यक दुरुस्ती गाळल्याबरोबर, मेलेल्या माशाच्या मेंदूतही 'हालचाल' दिसू लागली! त्यांनी हे विनोदासाठी केले नाही. हजारो ठिपके तपासले की त्यांतले काही योगायोगाने चमकतातच, हे शास्त्रज्ञांच्या डोळ्यांत भरावे म्हणून केले. तेव्हा वर्तमानपत्रात "प्रेमाची जागा सापडली", "प्रामाणिकपणाची जागा सापडली" असे वाचले की तो मासा आठवावा.

याहून गंभीर प्रसंग आपल्या महाराष्ट्रात घडला. २००८ साली पुण्याच्या न्यायालयाने एका खुनाच्या खटल्यात दोषी ठरविताना आरोपीच्या मेंदूवर केलेल्या चाचणीचाही आधार घेतला. ती चाचणी एम. आर. आय. ची नव्हे, मेंदूतील विद्युत्‌लहरींची होती. पण प्रश्न तोच: माणसाच्या डोक्यातील आठवण यंत्राने वाचून त्याला तुरुंगात धाडता येईल काय? जगभरच्या शास्त्रज्ञांनी शंका घेतल्या. पुढे ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या प्रकरणात निकाल दिला, की संमतीवाचून कोणावरही नार्को, पॉलीग्राफ किंवा मेंदूलहरींची चाचणी लादता येणार नाही. माणसाचे मन हे त्याचे स्वतःचे घर आहे. त्याच्या संमतीवाचून तेथे शिरण्याचा अधिकार सरकारलाही नाही, असा या निकालाचा मला कळलेला मथितार्थ.

तिसरा प्रकार आपल्या मुलांच्या बाबतीतला. 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन' या नावाचे वर्ग गुजरात-महाराष्ट्रात ठिकठिकाणी निघाले. मुलाच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची, आणि मधला मेंदू जागृत झाल्याने ते न पाहता रंग ओळखते, असे आईबापांना दाखवायचे. पट्टी आणि नाक यांच्यामधल्या फटीतून मूल पाहत असते. फट नीट बुजविली की विद्या संपते. पैसे जातात त्याचे एक वेळ असो. पण मुलाला आपण घरातल्या घरात लबाडी शिकवितो, हे नुकसान भरून येत नाही. मधला मेंदू जन्मापासून जागाच असतो. तो जागा नसता तर मूल डोळेही हलवू शकले नसते.

आता थोडे व्यवहाराचे. एम. आर. आय. साठी आत जाताना अंगावर लोखंडी किंवा कोणतीही धातूची वस्तू नको. मंगळसूत्र, जोडवी, केसांतले आकडे, घड्याळ, किल्ल्या, मोबाईल बाहेर ठेवावे. आपल्या गावाचा जरीचा शालू किती का सुंदर असेना, जरीत धातूची तार असते. म्हणून रुग्णालयाचे साधे कपडे घालावे. हृदयाचा पेसमेकर, कानातले यंत्र, मेंदूतल्या रक्तवाहिनीवर बसविलेली चिमटी, डोळ्यांत कधी लोखंडाचा कीस गेलेला असणे, हे सर्व आधी न लपविता सांगावे. चुंबक बटण दाबून बंद होणारा नव्हे, तो रात्रंदिवस चालू असतो. २०१८ च्या जानेवारीत मुंबईच्या एका रुग्णालयात रुग्णाबरोबर आलेला एक तरुण नातेवाईक प्राणवायूचे नळकांडे घेऊन त्या खोलीत गेला. चुंबकाने नळकांडे खेचले, त्याबरोबर तो तरुणही, आणि त्यात त्याचा अंत झाला. तेव्हा त्या दाराशी "कोणी सांगितले म्हणून" काहीही उचलून आत नेऊ नका. सांगणारा कोणीही असो.

आणि सर्वांत महत्त्वाचे. तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, जीभ अडखळणे ही पक्षाघाताची लक्षणे सर्वांना ठाऊक आहेत. त्यांत आणखी दोन जोडा: एकाएकी एका बाजूचे दिसेनासे होणे, आणि एकाएकी वाचता न येणे. गुठळी विरघळविणारे औषध साधारणपणे झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. ते प्रत्येकाला चालते असे नाही, आधी सी. टी. किंवा एम. आर. आय. काढून रक्तस्राव नाही ना हे पाहावे लागते. म्हणूनच घाई करावयाची. १०८ ला दूरध्वनी करा. तेल चोळण्यात, अंगारा लावण्यात, गावाकडच्या भावाला विचारण्यात ते तास घालवू नका. मी दोन दिवस घालविले.

हे यंत्र महाग, आणि आजवर बहुतेक परदेशाहून येणारे. पण त्यातही पालट होत आहे. मुंबईच्या पवईतील समीर या सरकारी संशोधन संस्थेच्या पुढाकाराने तयार झालेले दीड टेस्लाचे भारतीय यंत्र दिल्लीच्या एम्समध्ये चाचणीसाठी देण्याचा करार २०२५ साली झाला. बंगळुरूच्या वॉक्सेलग्रिड्स कंपनीने बनविलेले यंत्र, ज्याला द्रवरूप हेलियम लागत नाही, ते आपल्या विदर्भात चंद्रपूरच्या कर्करोग रुग्णालयात बसले आहे. अशी यंत्रे तालुक्याच्या गावी पोहोचली, तर खानदेशातल्या एखाद्या आईला सुरतेपर्यंत यावे लागणार नाही.

शेवटी माझ्या आईचे राहिलेले सांगून आपली रजा घेतो.

चित्र पाहून डॉक्टर म्हणाले, "गेलेला भाग परत येणार नाही. पण त्यांच्या हाताची वाट शाबूत आहे. तिचा उपयोग करून पाहा." मी घरी येऊन बहिणीच्या मुलीची पाटी आणली. आईने पोथीतले अक्षर पाहिले. ते बोलले नाही. मग तिने बोटाने त्या अक्षरावरून हळूहळू गिरविले, आणि हात पुरा फिरताच तोंडातून आले, "ग". पुन्हा बोट फिरले, "ण". ज्या हाताने तिने पन्नासाव्या वर्षी लोकांचे हसणे सोसून अक्षरे गिरविली होती, त्याच हाताने एक्याऐंशीव्या वर्षी ती तिला परत मिळवून दिली. डोळ्यांनी नव्हे, बोटांनी. एका ओवीला पाव तास लागे. पण तिने अखेरपर्यंत नेम चालविला, आणि मी शेजारी बसून ऐकत असे. रागावलो त्याची भरपाई म्हणा.

माझी या सभेला एकच विनंती आहे. आपल्या घरांत, आपल्या गल्लीत, अजूनही अंगठा उठविणाऱ्या आया, मावश्या, सासवा आहेत. आपली मुले शाळेत गुजराती शिकतात, ते योग्यच. पण घरी देवनागरी वाचणारे कमी होत आहेत. न्यासाच्या सभागृहात आठवड्यातून दोन दुपारी एक पाटीचा वर्ग भरवावा. शिकवायला मी येतो, वेतन नको. आणि कोणी "साठी बुद्धी नाठी" म्हणालेच, तर त्यांना लखनौच्या त्या खेडुतांची आणि माझ्या आईची गोष्ट सांगावी.